झां-आंरी फाब्र

झां-आंरी कासिमीर फाब्र (जन्म : २१ डिसेंबर १८२३, सें-लेओं, फ्रान्स, मृत्यू : ११ ऑक्टोबर १९१५, सेरिन्यां-द्यू-कोंता, फ्रान्स) हे फ्रेंच कीटकशास्त्रज्ञ, शिक्षक व लेखक होते. गांधीलमाश्या, मधमाश्या, शेणकिडे, कोळी आणि विंचू यांच्या जीवनक्रमाचा त्यांनी आयुष्यभर अभ्यास केला. संग्रहालयातील टाचणीला टोचलेले नमुने हा त्या काळच्या कीटकशास्त्राचा मुख्य आधार होता. फाब्र यांनी मात्र जिवंत कीटक शेताच्या बांधावर, घराच्या उंबरठ्यावर आणि बागेतील वाळूच्या ढिगात पाहिले. त्यांचा 'सुव्हेनिर आंतोमोलोजिक' (कीटकशास्त्रीय आठवणी) हा दहा खंडांचा ग्रंथ १८७९ ते १९०७ या काळात प्रसिद्ध झाला. एकांड्या शिकारी गांधीलमाश्यांच्या डंखाचे कार्य त्यांनी उलगडून दाखविले. समाजप्रिय गांधीलमाश्यांच्या जमिनीखालील पोळ्याचे त्यांनी केलेले उत्खनन आणि त्यावरील प्रयोग हे त्यांच्या उत्तरायुष्यातील महत्त्वाचे काम मानले जाते.

बालपण आणि शिक्षण

दक्षिण फ्रान्समधील आव्हेरों प्रांतातील एका गरीब कुटुंबात फाब्र यांचा जन्म झाला. घरातील ओढगस्तीमुळे त्यांना बालपणाची पहिली काही वर्षे मालाव्हाल येथे आजी-आजोबांकडे काढावी लागली. तेथील थंड, उजाड माळरानावर त्यांना किड्यामुंग्यांची ओढ लागली. घराण्यात विद्येची परंपरा नव्हती, त्यामुळे ही आवड त्यांच्यात कोठून आली याचे उत्तर स्वतः त्यांनाही कधी देता आले नाही.

ते दहा वर्षांचे असताना कुटुंब रोदेझ या गावी आले. वडिलांनी तेथे एक लहानसे कॉफीगृह चालविले. मुलाला प्रार्थनामंदिरातील सेवेच्या मोबदल्यात शाळेत फुकट प्रवेश मिळाला. वडिलांचा धंदा तेथे चालला नाही, पुढच्या गावांतही चालला नाही, आणि कुटुंबाची पांगापांग झाली. पौगंडावस्थेतील फाब्र यांनी बोकेरच्या जत्रेत लिंबे विकली आणि रेल्वेमार्गाच्या बांधकामावर मजुरी केली. अशा स्थितीत आव्हिन्यों येथील शिक्षक प्रशिक्षण विद्यालयाची शिष्यवृत्ती स्पर्धा परीक्षेतून त्यांना मिळाली आणि दोन वेळच्या जेवणाचा प्रश्न सुटला. वयाच्या एकोणिसाव्या वर्षी ते कार्पांत्रा येथे प्राथमिक शिक्षक झाले. १८४४ मध्ये मारी-सेझारीन व्हिलार यांच्याशी त्यांचा विवाह झाला. गणित आणि भौतिकशास्त्राच्या पदव्या त्यांनी नोकरी सांभाळून, बहुतांशी कोणाच्याही मार्गदर्शनाविना मिळविल्या.

१८४९ मध्ये ते भौतिकशास्त्राचे अध्यापक म्हणून कॉर्सिका बेटावरील आझाक्सियो येथे गेले. तोवर गणितातच पुढे जाण्याचा त्यांचा विचार होता. वनस्पतिशास्त्रज्ञ एस्प्री रकियँ आणि आल्फ्रेद मोकँ-तांदों यांच्या सहवासात तो पालटला. मोकँ-तांदों यांनी निरोप घेण्यापूर्वी घरातील शिवणकामाची कात्री आणि सुया वापरून पाण्याच्या बशीत गोगलगाईचे विच्छेदन करून दाखविले. जीवशास्त्राचा औपचारिक म्हणावा असा फाब्र यांना मिळालेला हा जवळजवळ एकमेव धडा. पुढच्या आयुष्यातही त्यांची उपकरणे याच धर्तीची राहिली : काचेची हंडी, तारेची जाळी, चिमटा, बोरूची नळी.

आव्हिन्यों : डंखाचे कोडे

हिवतापाने बेजार झाल्यामुळे फाब्र मुख्य भूमीवर परतले आणि १८५३ पासून आव्हिन्यों येथील शासकीय विद्यालयात शिकवू लागले. पुढील सुमारे सतरा वर्षे ते तेथे होते. पगार तुटपुंजा होता, मुले वाढत होती, आणि खासगी शिकवण्यांतून उरलेला वेळच काय तो किड्यांसाठी मिळे. १८५५ मध्ये त्यांनी पॅरिस येथून विज्ञानातील डॉक्टरेट घेतली. परंतु विद्यापीठातील अध्यापकपद त्यांना मिळाले नाही. त्या काळी अशा पदाला साजेसे राहणीमान राखण्यासाठी घरची श्रीमंती लागे.

याच सुमारास लेओं द्यूफूर या वयोवृद्ध कीटकतज्ज्ञाचा एक लेख त्यांच्या वाचनात आला. सर्सेरिस या जातीची एकांडी गांधीलमाशी जमिनीत बीळ खणते आणि आपल्या पिलांसाठी त्यात भुंगेरे साठविते. हे भुंगेरे कित्येक दिवस सडत नाहीत, सुकत नाहीत, त्यांचे सांधेही ताठरत नाहीत. माशीच्या विषात मृत शरीर टिकवून ठेवणारा एखादा पदार्थ असावा, असा द्यूफूर यांचा तर्क होता. फाब्र यांनी सर्सेरिसच्याच दुसऱ्या एका जातीची बिळे उकरली आणि तिने आणलेले भुंगेरे तपासले. ते मेलेलेच नव्हते. त्यांच्या मिशा अधूनमधून हलत, ते विष्ठाही टाकत. फक्त त्यांना पाय हलविता येत नव्हते. माशी आपली नांगी भुंगेऱ्याच्या छातीखालच्या सांध्यात, नेमकी हालचालींवर ताबा ठेवणाऱ्या मज्जागंडांपाशी खुपसते, असे त्यांना आढळले. मग त्यांनी स्वतः टोकदार सुईने त्याच जागी अमोनियाचा सूक्ष्म थेंब सोडला, तेव्हा भुंगेरे तसेच पंगू झाले. सर्सेरिस ज्या भुंगेऱ्यांची शिकार करते त्यांचे मज्जागंड एकमेकांना चिकटून असतात, म्हणून एकच डंख पुरतो. जेथे ते विखुरलेले असतात, अशा सुरवंटावर दुसऱ्या जातीच्या माश्या अनेक डंख करतात. अळीला ताजे अन्न हवे, पण ते पळून जाणारे किंवा तिला चिरडणारे नको. या दोन्ही अटी पंगू भक्ष्य पुरे करते.

हे संशोधन १८५५ मध्ये प्रसिद्ध झाले. फ्रेंच विज्ञान अकादमीने त्याबद्दल त्यांना प्रायोगिक शरीरक्रियाविज्ञानातील मोंत्यों पारितोषिक दिले. चार वर्षांनी प्रसिद्ध झालेल्या 'ओरिजिन ऑफ स्पीशीज' या ग्रंथात चार्ल्स डार्विन यांनी फाब्र यांच्या निरीक्षणाचा आधार घेतला.

महाराष्ट्रातील वाचकाला या शोधाची एक बाजू विशेष ओळखीची वाटेल. घरोघरी भिंतीवर, दाराच्या चौकटीत मातीचे घर बांधणारी कुंभारीण माशी ही याच एकांड्या शिकारी माश्यांच्या गोतावळ्यातील. ती मातीच्या घरात अळी किंवा कोळी कोंडते आणि काही दिवसांनी त्या घरातून नवी माशी बाहेर पडते. यावरून कोंडलेला किडाच माशीच्या ध्यासाने माशी होतो, ही समजूत रूढ झाली आणि भृंगी-कीटकाचा दृष्टान्त संतवाङ्मयात व वेदान्तग्रंथांत आला. प्रत्यक्षात कोंडलेला जीव हा शिधा असतो. माशी त्यावर अंडे घालते आणि अंड्यातून निघालेली अळी त्यावर वाढते. दृष्टान्त म्हणून त्याचे मोल यामुळे उणे होत नाही, परंतु घडते ते हे.

मंजिष्ठा, पाश्चर आणि मिल

फाब्र यांना स्वातंत्र्य हवे होते आणि स्वातंत्र्यासाठी पैसा. त्या काळी आव्हिन्यों परिसरात मंजिष्ठेच्या जातीच्या एका वनस्पतीची मोठी लागवड होती. तिच्या मुळांपासून कापडाचा लाल रंग मिळे. त्यातील शुद्ध रंगद्रव्य काढण्याच्या पद्धतीवर फाब्र यांनी अनेक वर्षे खर्च केली. शिक्षणमंत्री व्हिक्तोर द्युर्वी त्यांच्या प्रयोगशाळेत आले तेव्हा रंगाने लाल झालेले हात लपविण्याची त्यांना धडपड करावी लागली. द्युर्वी यांनी त्यांना 'लेजियों दोनर' हा सन्मान मिळवून दिला आणि सम्राट तिसऱ्या नेपोलियनसमोर उभे केले. मात्र १८६८ मध्ये जर्मन रसायनशास्त्रज्ञांनी तेच रंगद्रव्य, अलिझरीन, कृत्रिम रीतीने बनविले. मंजिष्ठेची शेती काही वर्षांत कोसळली आणि फाब्र यांची आशाही.

१८६५ मध्ये रेशीमकिड्यांच्या रोगाचा छडा लावण्यासाठी आलेले लुई पाश्चर त्यांच्या भेटीस आले. पाश्चर यांनी रेशमाचा कोश कानाजवळ नेऊन हलविला आणि आत काय आहे असे विचारले. कोशात किड्याचे रूपांतर होते हेही त्यांना माहीत नव्हते. फाब्र चकित झाले. पण पूर्वग्रह नसलेले हे अज्ञान संशोधकाला उपकारक ठरू शकते, असा त्यांनी त्यातून निष्कर्ष काढला आणि पुढे स्वतःही आधी ग्रंथ न चाळता थेट कीटकासमोर बसण्याचा परिपाठ ठेवला. पाश्चर यांनी मद्याचे तळघर पाहण्याची इच्छा व्यक्त केली, तेव्हा मात्र फाब्र यांची अडचण झाली. त्यांच्याजवळ मद्याचा एक बुधला होता, तळघर नव्हते.

द्युर्वी यांच्या योजनेनुसार आव्हिन्यों येथे प्रौढांसाठी व मुलींसाठी विज्ञानाचे वर्ग सुरू झाले आणि फाब्र त्यांत शिकवू लागले. फुलांतील परागीभवन त्यांनी मुलींसमोर समजावून सांगितले, यावरून धर्मगुरू आणि सनातनी मंडळी खवळली. द्युर्वी यांचे मंत्रिपद जाताच विरोधकांना मोकळे रान मिळाले. फाब्र यांच्या घरमालकिणी, दोन वयस्क अविवाहित बहिणी, यांनी त्यांना महिनाभरात घर सोडण्यास सांगितले. लेखी भाडेकरार नव्हता. त्या वेळी आव्हिन्योंमध्ये राहणारे इंग्रज तत्त्वज्ञ जॉन स्ट्युअर्ट मिल हे फाब्र यांचे वनस्पतिभ्रमणातील सोबती होते. त्यांनी कोणतेही तारण न घेता तीन हजार फ्रँक दिले. फाब्र यांनी ओरांज येथे बिऱ्हाड हलविले, नोकरी सोडली आणि शालेय विज्ञानाच्या पुस्तकांवर उपजीविका केली. मिल यांचे कर्ज त्यांनी फेडले.

ओरांजमध्ये १८७७ साली त्यांचा सोळा वर्षांचा मुलगा झ्यूल वारला. कीटकांच्या शोधात तो वडिलांचा सर्वांत तल्लख साथीदार होता. 'आठवणीं'च्या पहिल्या खंडात फाब्र यांनी गांधीलमाश्यांच्या काही जातींना त्याचे नाव दिले.

हार्मास

१८७९ मध्ये, वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी, फाब्र यांनी सेरिन्यां गावाजवळ सुमारे एक हेक्टर जमीन व त्यावरील घर विकत घेतले. प्रोव्हांसच्या बोलीत दगडगोट्यांनी भरलेल्या, नांगर न लागणाऱ्या पडीक माळाला 'हार्मास' म्हणतात. तेच नाव त्या घराला मिळाले. शेतकऱ्याच्या दृष्टीने कवडीमोल अशी ही जमीन काटेरी झुडपांनी माजली होती, आणि म्हणूनच तिच्यावर माश्यांची झुंबड असे. अशा जमिनीची इच्छा त्यांनी तब्बल चाळीस वर्षे बाळगली होती. तोपर्यंतचे त्यांचे काम रस्त्याकडेला चालले होते. द्राक्षे तोडायला जाणाऱ्या बायकांना हा गृहस्थ सकाळी ज्या दगडावर दिसे त्याच दगडावर संध्याकाळीही दिसे, तेव्हा तो वेडसर आहे असे समजून त्या क्रूसाची खूण करीत.

हार्मासभोवती भिंत घालताना गवंड्यांनी वाळूचे आणि दगडांचे ढीग टाकले होते. काम लांबले, आणि त्या ढिगांत वाळूत बीळ करणाऱ्या माश्यांनी वस्ती केली. घरातही तीच गत होती. उंबरठ्याजवळ एका शिकारी माशीचे बीळ होते, त्यावर पाय पडू नये म्हणून ये-जा जपून करावी लागे. खिडकीच्या कोनाड्यांत मातीची घरे होती. समाजप्रिय गांधीलमाश्या जेवणाच्या टेबलावर येऊन द्राक्षे पिकली आहेत का याची चाचपणी करीत. फाब्र यांनी यांपैकी कोणालाही हुसकावले नाही. घरातील मंडळींना याचा किती त्रास झाला असेल हे त्यांच्या लेखनातून फारसे कळत नाही, पण मुले या कामात हौसेने सामील होत, एवढे स्पष्ट दिसते.

पहिल्या पत्नीच्या निधनानंतर (१८८५) त्यांनी १८८७ मध्ये मारी-जोझेफीन दोदेल यांच्याशी विवाह केला. या विवाहापासून झालेला मुलगा पोल हा पुढे वडिलांच्या ग्रंथासाठी छायाचित्रे काढू लागला. गांधीलमाश्यांच्या पोळ्याच्या प्रकरणात हाच पोल लहान मुलाच्या रूपात भेटतो.

जमिनीखालचे पोळे

युरोपातील सामान्य गांधीलमाशी जमिनीत पोळे करते. बाहेरून दिसते ते फक्त बोटभर छिद्र. सप्टेंबरमधील एका दिवशी पोलच्या तीक्ष्ण नजरेला दूरवर जमिनीतून एकामागून एक काहीतरी उसळून उडताना दिसले आणि पोळे सापडले. अठराव्या शतकातील निसर्गशास्त्रज्ञ रेओम्यूर यांनी अशी पोळी काढण्यासाठी मोबदल्यावर डंख सोसणारे नोकर वापरले होते. फाब्र यांच्याजवळ स्वतःच्या कातडीखेरीज दुसरे काही नव्हते, त्यामुळे त्यांनी आधी विचार केला.

त्यांची रीत अशी होती. दिवसा पोळ्याला हात लावायचा नाही. रात्री, सर्व माश्या परतल्यावर जायचे. साहित्य तीनच : थोडेसे पेट्रोल, वीतभर लांबीची बोरूची पोकळ नळी आणि मळलेल्या चिकणमातीचा गोळा. छिद्रापासून पोळ्याच्या पोकळीपर्यंत जाणारा मार्ग तिरका असतो. नुसते तोंडाशी द्रव ओतले तर ते वाटेतील मातीतच जिरते, पोळ्यापर्यंत पोचत नाही आणि दुसऱ्या दिवशी निर्धास्तपणे खणू लागणाऱ्याच्या अंगावर खवळलेला थवा येतो. म्हणून नळी आतपर्यंत सरकवायची, तिच्यातून द्रव सोडायचे आणि लगेच मातीच्या गोळ्याने तोंड लिंपून टाकायचे. नळी सरकविताना पहारेकरी माशी बाहेर येण्याचा धोका असतो. तेव्हा दुसऱ्याने रुमाल घेऊन लक्ष ठेवायचे. रात्री नऊच्या सुमारास कंदील आणि टोपली घेऊन बापलेक निघाले. द्रव आत गेले तसा जमिनीखालून मोठा गुणगुणाट उठला, आणि गोळा बसताच काम संपले. खणायला ते पहाटे गेले. रात्री शेतातच अडकलेल्या काही माश्या सकाळी परततात. गारव्यात त्यांचा तिखटपणा कमी असतो, त्यामुळे ऊन चढण्यापूर्वी काम उरकणे शहाणपणाचे होते.

ज्वालाग्राही द्रव जमिनीत ओतण्याची ही रीत आज अनुकरणीय नाही. आगीचा धोका असतो आणि माती व भूजल दूषित होते. शिवाय शीत प्रदेशातील अशा माश्यांची वसाहत एका वर्षापुरतीच असते. थंडीत कामकरी माश्या मरतात, केवळ नव्या फलित राण्या आडोशाला तग धरतात आणि वसंतात दुसरीकडे नवे पोळे घालतात. त्यामुळे येण्याजाण्याच्या वाटेपासून दूर असलेले पोळे तसेच राहू दिले तरी चालते. वाटेवरचे असेल तर जाणकाराकडून काढून घेणे उचित. बागेतील अळ्या आणि माश्या फस्त करण्याचे मोठे काम या गांधीलमाश्या करतात, हेही ध्यानात घ्यावे लागते. फाब्र यांनी पोळे बधिर केले ते उपद्रव टाळण्यासाठी नव्हे, आत काय आहे ते पाहण्यासाठी.

सुमारे अर्धा मीटर खणल्यावर पोळे अखंड दिसले. आकाराने ते भोपळ्याएवढे होते आणि पोकळीच्या छताला, तेथे उतरलेल्या गवताच्या मुळ्यांना धरून लोंबत होते. भोवती सगळीकडे मोकळी जागा होती, म्हणजे माश्यांना बाहेरून भर घालीत पोळे वाढविता येते. खाली खोलगट भागात केरकचरा पडत होता. ही सारी पोकळी माश्यांनीच मातीचा एकेक कण तोंडात धरून बाहेर नेऊन, उडता उडता दूर टाकून केलेली होती. त्यामुळेच छिद्राशी मातीचा ढीग कधी दिसत नाही. पोळ्याचे वेष्टन तपकिरी कागदाचे होते. लाकडाचे तंतू चावून, लाळेत मळून माश्या तो कागद तयार करतात. एकावर एक सैल पापुद्रे आणि त्यांमध्ये कोंडलेली हवा, यामुळे आतील ऊब टिकते. आडव्या थरांची रचना, खाली तोंड असलेले षट्कोनी कप्पे, त्यांत उलट्या टांगलेल्या अळ्या हे सर्व रेओम्यूर यांनी पूर्वीच वर्णिले होते. फाब्र यांनी भर घातली ती पुढच्या प्रयोगांनी.

एका पोळ्याच्या छिद्रावर त्यांनी रात्री काचेची मोठी हंडी पालथी घातली. भोवतालची जमीन सपाट करून घेतली, जेणेकरून हंडीची कड मातीत नीट बसावी. सकाळी माश्या बाहेर आल्या आणि काचेवर आदळू लागल्या. हंडीच्या कडेखाली थोडे उकरले असते तर त्या सुटल्या असत्या, आणि माती उकरणे हे तर त्यांचे रोजचे काम. तरीही एकीलाही ते सुचले नाही. बाहेर राहिलेल्या काही माश्या परतल्या तेव्हा त्यांनी मात्र कडेखालची माती उकरली आणि त्या आत शिरल्या. घराकडे जाणारा रस्ता अडला की खणायचे, हे त्यांच्या सवयीत होते. उजेडाच्या दिशेने बाहेर पडताना खणण्याची वेळ निसर्गात येत नाही, म्हणून तेथे त्या हतबल ठरल्या. आत आलेल्यांनीही, आपण नुकतीच जी वाट केली तिने परत जाता येईल, हे ओळखले नाही. दिवसांमागून दिवस गेले आणि सगळी वसाहत काचेखाली मेली.

पोळ्यातील काही थर त्यांनी घरात तारेच्या जाळीखाली ठेवले, मध दिला, थंडी लागू दिली नाही. नोव्हेंबर उजाडताच ज्या कामकरी माश्या अळ्यांना जिवापाड जपत होत्या, त्यांनीच त्यांना कप्प्यांतून ओढून काढून मारले. मग त्याही एकेक करून मेल्या. अन्न आणि ऊब असूनही वसाहत संपली, म्हणजे थंडी व उपासमार हे अंताचे एकमेव कारण नव्हे, असे त्यांनी नोंदविले. याच अभ्यासात, गांधीलमाशीसारखी दिसणारी व्होल्युसेला ही माशी पोळ्यात अंडी घालते आणि तिच्या अळ्या तेथील घाण साफ करतात, हेही त्यांनी दाखविले.

घरातली मातीची घरे

पेलोपे (आजचे शास्त्रीय नाव सेलिफ्रोन) ही आपल्या कुंभारीण माशीची प्रोव्हांसमधील बहीण. तिला ऊब लागते, म्हणून ती चुलीच्या धुराड्याजवळ, स्वयंपाकघराच्या भिंतीवर घर करते. आव्हिन्योंच्या घरी ती चुलीपाशी आली तेव्हा फाब्र यांनी घरच्यांना धूर आणि जाळ बेताने ठेवायला सांगितले. आव्हिन्योंजवळच्या एका मोठ्या शेतघरात नांगऱ्यांनी जेवायला बसताना खुंटीला अडकविलेल्या सदऱ्यांच्या घड्यांत आणि टोप्यांत या माश्या जेवण होईतो मातीचे काम सुरू करून मोकळ्या होत. तेथील शेतकरणीला छत-भिंतींवरच्या चिखलाचे फारसे वाटत नसे, पण पडद्यांपुढे तिचा नाइलाज होई. रोज पडदे झटकावे तर दुसऱ्या दिवशी माश्या तितक्याच चिकाटीने पुन्हा हजर.

फाब्र यांनी एका घरातून माशीने आणलेले कोळी चिमट्याने एकेक करून काढून घेतले. ती आणत राहिली, ते काढत राहिले, आणि शेवटी तिने रिकामे घर नीट लिंपून बंद केले. दुसऱ्या वेळी त्यांनी अख्खे घर भिंतीवरून खरवडून काढले. माशी चिखल घेऊन परतली आणि ज्या कोऱ्या भिंतीवर घर होते त्या जागेला अखेरचे लिंपण करू लागली. कामाचा क्रम तिला ठाऊक होता, कामाचे प्रयोजन नव्हते, असा त्याचा अर्थ फाब्र यांनी लावला.

सहजप्रेरणा, डार्विन आणि मतभेद

या प्रयोगांतून फाब्र यांची भूमिका घडली : सहजप्रेरणा आपल्या चाकोरीत अचूक असते आणि चाकोरीबाहेर आंधळी. शिकारी माशीचा पहिलाच डंख बरोबर जागी बसला नाही तर तिचा वंशच चालणार नाही. मग हे कौशल्य पिढ्यांगणिक थोडे थोडे कसे साठले असेल, हा त्यांचा उत्क्रांतिवादाला आक्षेप होता. डार्विन यांच्याशी त्यांचे मतभेद होते, वैर नव्हते. मधमाश्या दूरवरून घरी कशा परततात या प्रश्नावर दोघांचा पत्रव्यवहार झाला आणि माश्यांना पेटीत घालून गरगर फिरवून मग सोडण्याचा डार्विन यांनी सुचविलेला प्रयोग फाब्र यांनी करून पाहिला. माश्या तरीही घरी परतल्या. १८८२ मध्ये डार्विन वारले आणि हा संवाद थांबला.

फाब्र यांची निरीक्षणे टिकली तितके त्यांचे निष्कर्ष टिकले नाहीत. अमेरिकेतील जॉर्ज व एलिझाबेथ पेकम या दांपत्याने शिकारी माश्यांच्या डंखांत पुष्कळ कमीअधिकपणा असल्याचे १८९८ मध्ये दाखविले. काही भक्ष्ये मरतात, काही अर्धवट पंगू होतात, आणि अळ्या तशाही वाढतात. निवडीला वाव देणारी ही विविधता फाब्र यांच्या मुख्य आक्षेपाचा पाया काढून घेते. विशेष म्हणजे तशी विविधता खुद्द फाब्र यांच्या लेखनातही आढळते. त्यांचा एक प्रसिद्ध प्रयोग रातकिडे धरणाऱ्या स्फेक्स माशीवरचा आहे. भक्ष्य बिळाच्या तोंडाशी ठेवून ती आत पाहणी करायला जाते. तेवढ्यात भक्ष्य थोडे दूर सरकविले की ती ते पुन्हा तोंडाशी आणते आणि पुन्हा पाहणीला जाते. हे चाळीस वेळा घडले. माशीच्या यांत्रिकपणाचे उदाहरण म्हणून हा प्रयोग सर्वत्र सांगितला जातो. परंतु दुसऱ्या एका वसाहतीतील माश्यांनी दोन-तीन फेऱ्यांनंतर पाहणी सोडून भक्ष्य सरळ आत ओढले, हे फाब्र यांनीच प्रामाणिकपणे नोंदविलेले आहे आणि ते बहुधा सांगायचे राहून जाते.

अखेरची वर्षे

शालेय पुस्तकांचे उत्पन्न आटल्यावर वार्धक्यात फाब्र यांना पुन्हा टंचाई सोसावी लागली. विद्वानांपैकी अनेकांना त्यांची सुबोध, गोष्टीवेल्हाळ शैली शास्त्रीय वाटत नसे, आणि सामान्य वाचकांपर्यंत त्यांचे नाव उशिरा पोचले. एप्रिल १९१० मध्ये मित्र व चाहत्यांनी सेरिन्यां येथे त्यांचा गौरव समारंभ केला, तेव्हा ते ८६ वर्षांचे होते. त्यानंतर ग्रंथांची विक्री वाढली, सरकारी निवृत्तिवेतन मिळाले, साहित्याच्या नोबेल पारितोषिकासाठी त्यांचे नाव सुचविले गेले. १९१३ मध्ये राष्ट्राध्यक्ष रेमों प्वँकारे त्यांना भेटण्यासाठी हार्मासला आले. पहिले महायुद्ध चालू असताना ११ ऑक्टोबर १९१५ रोजी त्यांचे निधन झाले. सेरिन्यांच्या स्मशानभूमीत त्यांना पुरले आहे.

'आठवणीं'चे अनेक भाषांत अनुवाद झाले. जपानमध्ये ओसुगी साकाए यांनी पहिल्या खंडाचा केलेला अनुवाद १९२२ मध्ये प्रसिद्ध झाला आणि तेथे फाब्र यांचे नाव शाळकरी मुलांच्याही परिचयाचे झाले. फ्रान्समध्ये त्यांच्या जीवनावर १९५१ मध्ये एक चित्रपट निघाला. पिएर फ्रेने यांनी त्यात फाब्र यांची भूमिका केली. फाब्र यांनी प्रोव्हांसाल बोलीत कविताही लिहिल्या आणि भूछत्रांची शेकडो जलरंगचित्रे काढली.

हार्मास १९२२ मध्ये फ्रेंच शासनाने विकत घेतले. ते आता पॅरिसच्या राष्ट्रीय निसर्गेतिहास संग्रहालयाच्या अखत्यारीत असून तेथे फाब्र यांचा वनस्पतिसंग्रह, कीटकसंग्रह आणि त्यांनी आयुष्यभर बाळगलेले लिहिण्याचे लहानसे मेज जतन केलेले आहे.